सातवा धडा जबलपुरात

जबलपूरला जाऊन आले असं सांगितलं की लोक पहिलं विचारतात, "भेडाघाट पाहिला का?" पाहिला. नर्मदा पाहिली, संगमरवराचे कडे पाहिले, धुवांधारचे तुषार तर अंगावर घेतले. पण मी तिथं गेले होते ती चाळीस प्रोग्रामरांपुढं तासभर बोलायला, आणि या सहलीतली जी गोष्ट मला कायमची लक्षात राहणार आहे ती नदीच्या काठी नाही, लग्नाच्या एका हॉलच्या पायऱ्यांवर घडली.

आधी माझ्या कामाबद्दल थोडं सांगते. मी पुण्यात मोठ्या कंपन्यांसाठी सॉफ्टवेअर लिहिते. गोदामात किती पोती आहेत, कुणाची किती रजा शिल्लक आहे, कुठला ट्रक कुठं अडकलाय, असल्या गोष्टींचं. ते नीट चाललं तर आम्ही आहोत हेही कुणाला ठाऊक नसतं. बिघडलं की सगळ्या मजल्यांवर आमचं नाव पाठ होतं. काही वर्षांपूर्वी ऑफिसातली नवी मुलं तेच तेच प्रश्न विचारायला लागली, म्हणून मी मोबाईल बरण्यांना टेकवून मराठीत बारा धडे रेकॉर्ड केले. स्वयंपाकघरात केले, कारण आमच्या घरात नीट लागणारं दार तेवढं एकच आहे. ते व्हिडिओ नेटवर टाकले आणि विसरून गेले. लोक विसरले नाहीत. त्यातला सातवा धडा तर कुठल्या कुठं पोचला.

तो जबलपूरलाही पोचला होता. प्रशीक मेश्राम नावाच्या मुलाची मेल आली: आम्ही चाळीसेक जण दर महिन्याला भेटतो, एकमेकांना शिकवतो, आमच्यातले बरेच जण तुमच्या धड्यांवर शिकले, फेब्रुवारीतल्या मेळाव्याला या. मला आजवर कुणी कुठं बोलायला बोलावलं नव्हतं. मी त्याच दिवशी तिकीट काढलं.

शुक्रवार

प्रशीक फलाटावर उभा होता. चौतीस-पस्तीसचा, मऊ आवाजाचा. बाहेर त्याचा मित्र गाडी घेऊन आला होता. त्यानं हाक मारली, "आओ बड्डे."

मी लगेच प्रशीकचा हात हातात घेऊन म्हटलं, "वाढदिवस आहे होय? अनेक शुभेच्छा."

प्रशीक क्षणभर थांबला आणि म्हणाला, "थँक यू ताई."

पुढं एक रिक्षावाला दुसऱ्या रिक्षावाल्याला बड्डे म्हणाला. पानवाला गिऱ्हाइकाला म्हणाला. वाहतुकीचा पोलीस एका स्कूटरवाल्याला थांबवून "बड्डे, हेलमेट?" म्हणाला, तेव्हा मात्र मला शंका आली. विचारलं तर प्रशीक म्हणाला, "बड्डे म्हणजे बडे भैया, ताई. इथं सगळेच सगळ्यांचे बड्डे."

"मग मघाशी थँक यू कशाला म्हणालास?"

"तुम्ही एवढ्या प्रेमानं म्हणून राहिल्या होत्या. नाही कसं म्हणू?"

मी हसले. त्या वेळी मला ती नुसती गंमत वाटली.

प्रशीक हैदराबादच्या एका कंपनीसाठी वीजबिलांचं सॉफ्टवेअर लिहितो, घरी बसून. घरी तो आणि त्याची आई, शीलाकाकू. त्या टेलिफोनच्या ऑफिसातून निवृत्त झालेल्या. मेश्राम मूळचे भंडाऱ्याकडचे, आजोबा कामासाठी इकडं आले आणि इथलेच झाले. काकूंनी जेवायला गक्कड आणि भरता केला होता. कणकेचे गोळे शेणीच्या निखाऱ्यावर भाजून तुपात बुडवलेले, आणि सोबत भाजल्या वांग्याचं भरीत.

"आमच्या नागपूरकडे याला पानगे म्हणतात," काकू म्हणाल्या. "तुमच्या पुण्यात काय म्हणतात?"

"पुण्यात मिळतच नाही हे."

"अच्छा," काकू म्हणाल्या आणि माझ्याकडं फार दयेनं पाहिलं. "मंग तुम्ही खाता काय?" असं म्हणून त्यांनी माझ्या ताटात आणखी दोन गक्कड टाकले. तीन दिवस त्यांचा समज असाच राहिला की मी उपासमारीतून सुटून आले आहे.

संध्याकाळी प्रशीकच्या गटातले पाच-सहा जण भेटायला आले. त्यांच्या हातात झेरॉक्सच्या दुकानातून बांधून आणलेलं एक जाडजूड पुस्तक होतं. वर छापलेलं: 'अलकाताईंचे बारा धडे'. व्हिडिओतला माझा शब्द न् शब्द त्यांनी टाइप केला होता. इतका प्रामाणिकपणे केला होता की तिसऱ्या धड्यात, मेमरी कशी भरते हे सांगताना मी मध्येच म्हणाले होते "थांबा हं, दूध उतू गेलं", तेही त्यात होतं.

"ताई, हा शब्द आम्ही अजून वापरून राहिलो," प्रशीक म्हणाला. मेमरी भरून प्रोग्राम कोसळला की ही मुलं बेंगळुरूच्या साहेबांशी फोनवर बोलतानाही आपसात म्हणतात, सर्व्हरचं दूध उतू गेलं.

त्यात सोनल नावाची एक मुलगी होती, विम्याच्या दाव्यांचं सॉफ्टवेअर लिहिणारी. ती म्हणाली, "आमच्या घरी मराठी फक्त आजी बोलायची. मला समजायची, पण बोलता नव्हती येत. तुमचे धडे ऐकून ऐकून आली." मला गहिवरून आलं. मग तिनं चहाचा कप पुढं केला आणि म्हणाली, "सर्वप्रथम आपण साखर घालू. आता याचा परिणाम काय होतो ते पाहू." पोरीची सगळी मराठी माझ्या धड्यांतली होती. तिला मराठीत भांडता येत नव्हतं, पण कुठलीही कृती पायरीपायरीनं समजावून सांगता येत होती.

या गावात आमच्या कामातलं विचारायला शेजारच्या टेबलावर कुणी जाणता नसतो. कंपन्या दूर, साहेब पडद्यावर. म्हणून ही मुलं एकमेकांना धरून होती, आणि त्या बांधलेल्या पुस्तकाला मानत होती. मी खुर्चीत जरा ताठ बसले.

मग प्रशीक म्हणाला, "ताई, तुमचा सातवा धडा तर आम्ही खरोखर चालवून राहिलो."

सातव्या धड्यात मी मंगल कार्यालयाच्या बुकिंगचा प्रोग्राम लिहून दाखवला आहे. तारीख रिकामी आहे का ते पाहा, असेल तर नाव लिहा, पावती द्या. प्रशीकनं तो प्रोग्राम गावातल्या एका हॉलला बसवून दिला होता, समाजसेवा म्हणून. वर्ष झालं, हॉलचं सगळं बुकिंग त्यावर चालत होतं. "रविवारचा आपला कार्यक्रम पण तिथंच आहे," तो म्हणाला. "महिन्याचं बुकिंग दोन महिने आधी, एक तारखेला सकाळी नऊला उघडते. सगळे टपूनच बसतात. मी बरोबर नऊला बटण दाबलं आणि मिळून गेला हॉल."

मी चहाचा कप खाली ठेवला.

कारण सातव्या धड्यात एक भोक आहे. दोन माणसांनी एकाच वेळी, किंवा दोन-चार सेकंदांच्या फरकानं बटण दाबलं, तर दोघांनाही तारीख रिकामी दिसते आणि दोघांनाही पावती मिळते. मला ते दोन वर्षांपूर्वी कळलं होतं. व्हिडिओखाली कुणीतरी तसं लिहिलंही होतं. पण तो माझा सगळ्यात गाजलेला धडा. आज दुरुस्त करू, उद्या करू असं चाललं होतं. शिवाय एवढ्याशा क्षणात दोन माणसं कशाला येतील, असं मी स्वतःला समजावलं होतं. आणि इथं तर अख्खं गाव नवाच्या ठोक्याला बटणावर बोट ठेवून बसत होतं.

सगळे माझ्याकडं कौतुकानं बघत होते. मी म्हणाले, "वा, छानच."

शनिवार

सकाळी काकू, प्रशीक आणि मी भेडाघाटला गेलो. धुवांधारपाशी नर्मदा अशी कोसळते की खालून पाणी नाही, धूर वर येतोय असं वाटतं. मी भाषणाचे कागद पर्समध्ये आणले होते. वाटलं, कठड्यापाशी उभं राहून एकदा वाचून घ्यावं, या आवाजात कुणाला ऐकू जाणार नाही. पाचच मिनिटांत तुषारांनी चष्मा पांढरा झाला. तो पुसेपर्यंत कागदांवरची शाई उतरून माझ्या साडीवर आली. मुद्दे क्रमांक एक ते नऊ निऱ्यांवर बसले. काकूंनी पदरानं पुसायचा प्रयत्न केला, तेव्हा मुद्दे त्यांच्याकडंही गेले.

मग नावेत बसलो. दोन्ही बाजूंना संगमरवराचे उंच कडे, कुठं पांढरे, कुठं पिवळसर, कुठं निळसर. पाणी इतकं स्थिर की नावाडी वल्ही मारायचा थांबला की कडेच सरकताहेत असं वाटावं. पण तो बोलायचा मात्र थांबत नव्हता. आमच्याकडं गाइड माहिती सांगतो, इथला नावाडी यमक जुळवतो. प्रत्येक कड्यात त्याला काहीतरी दिसायचं. "वो देखिए हाथी की सूँड, ये देखिए मोटर की हूड."

मला हत्ती दिसला नाही. पण नावेतले सगळे हो म्हणत होते, म्हणून मीही मान डोलावली.

काकू माझ्या कानाशी म्हणाल्या, "मला चाळीस वर्षांत नाही दिसला हत्ती. पण सगळे हो म्हणतात, तर मी पण म्हणते."

ते ऐकून मला काय झालं कोण जाणे, मी प्रशीककडं वळले. "प्रशीक, तो सातवा धडा आहे ना—"

"दीदी, इधर देखिए," नावाडी म्हणाला, "यहाँ से तीन रास्ते, अच्छे-अच्छे फँसते." सगळे तिकडं बघायला लागले, प्रशीकही. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "तुम्ही काही म्हणून राहिल्या होत्या ताई?"

"काही नाही. छान आहे म्हटलं."

संधी हुकली असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला हायसं वाटलं होतं.

संध्याकाळी कमानिया गेटच्या गर्दीत काकूंनी मला खव्याची जिलबी खाऊ घातली. काळपट तपकिरी, बोटाएवढी जाड. मला वाटलं जळली. मी हलवायाला मोठ्या सौजन्यानं सांगितलं की भैया, ही करपलीय, दुसरी द्या. त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग काकूंकडं पाहिलं. काकू म्हणाल्या, "पूना से आई हैं." तो समजल्यासारखा हसला आणि त्यानं मला एक जादा दिली. ती जिलबी मी उभ्या उभ्या संपवली.

रविवार

सकाळी नऊला आम्ही हॉलवर पोचलो. दारावर झेंडूच्या माळा, आत गुलाबी पडदे, मंचावर लाल मखमलीच्या दोन खुर्च्या.

"एवढं कशाला केलंत रे?" मी प्रशीकला म्हटलं. मनात बरंही वाटलं.

"आम्ही नाही केलं ताई," तो म्हणाला.

तेवढ्यात एक बस येऊन थांबली आणि तिच्यातून सिहोरा गावच्या पंचवीस-तीस बायका उतरल्या. हातात परड्या, डोक्यावर गाठोडी, मागून दोन भल्यामोठ्या कढया. त्यांच्या पुढं पांढऱ्या कुर्त्यातले एक गृहस्थ होते. हे पटेलजी. त्यांच्या मुलीचा त्या दिवशी त्या हॉलमध्ये साखरपुडा होता. त्यांच्या हातात पावती होती. प्रशीकनं मोबाईल काढला. त्याच्याकडंही पावती होती.

हॉलचे व्यवस्थापक दुबेजी चष्मा लावून आले. त्यांनी दोन्ही पावत्या शेजारी शेजारी धरल्या. तारीख तीच, हॉल तोच. एकीवर वेळ नऊ वाजून चार सेकंद, दुसरीवर नऊ वाजून पाच.

"कंप्यूटर ने दोनों को हाँ बोल दी," दुबेजी म्हणाले. "मेरे रजिस्टर में एक तारीख की एक ही लाइन होती थी." त्यांच्या आवाजात दुःख होतं, पण सगळंच दुःख नव्हतं.

पटेलजी शांत होते, पण ती शांतता फार वेळ टिकणारी दिसत नव्हती. "देखिए, लड़के वाले एक बजे कुंडम से आ रहे हैं. मैं उनसे क्या कहूँ? कि अंदर कंप्यूटर पर भाषण चल रहा है?"

एव्हाना गटातली चाळीस जणं पायऱ्यांवर जमली होती. प्रशीकचा चेहरा उतरला. तो म्हणाला, "गलती मेरी है अंकल. प्रोग्राम मैंने बनाया है." आणि माझ्याकडं वळून हळूच म्हणाला, "ताई, मी तीनदा तपासला होता. ओळ न् ओळ तुमच्या धड्यासारखीच आहे. मीच कुठं चुकलो, समजून नाही राहिलं."

गप्प बसायचं असतं तर तेव्हाही बसता आलं असतं. त्यानं सगळं स्वतःवर घेतलं होतं, आणि तो ते कधी उतरवणार नव्हता. मी दोन पायऱ्या खाली उतरले.

"पटेलजी," मी म्हटलं, "गलती इसकी नहीं, मेरी है. वो सातवीं पाठ है ना, वो मैं ही हूँ."

पुण्याची हिंदी. पाठ पुल्लिंगी असतो हे मला नंतर सोनलनं सांगितलं. पटेलजींना ऐकू गेलं, सातवीं पास.

"सातवीं पास हैं तो क्या हुआ बहनजी," ते म्हणाले, "इसमें आपका क्या दोष."

पायऱ्यांवर कुणीतरी हसू दाबलं. मी सगळं पुन्हा, सावकाश सांगितलं. मी शिकवते, यानं माझ्याकडून शिकलं, आणि मी चुकीचं शिकवलं. पटेलजींना शिकवणं कळलं, चूक कळेना. शेजारून लाडवांचं ताट चाललं होतं, ते मी थांबवलं.

"समझो, थाली में एक ही लड्डू बचा है. दो लोग एक साथ झाँकते हैं. दोनों को लड्डू दिखता है. दोनों घर जाके बोलते हैं, मिल गया. मैंने सबको यही सिखाया. झाँको और घर जाके बोलो."

पटेलजींनी ताटाकडं पाहिलं, घड्याळाकडं पाहिलं. "तो पहले लड्डू पर हाथ रखो. फिर घर में बताओ."

सातव्या धड्यात नेमकं तेवढंच नव्हतं. धडा रेकॉर्ड केल्यावर मला ते समजायला चार वर्षं लागली होती. त्यांना अर्धं मिनिट लागलं, तेही डोक्यावर मुलीचा साखरपुडा असताना.

प्रशीक माझ्याकडं बघत होता. "ताई, तुम्हाला हे आधीपासून माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"दोन वर्षं."

त्यानं मान हलवली आणि तो प्रोजेक्टरची वायर गुंडाळायला गेला. त्यानं आरडाओरडा केला असता तर मला सोपं गेलं असतं. तो ती वायर अगदी सारख्या वेटोळ्यांत, फार काळजीपूर्वक गुंडाळत होता.

मार्ग पटेलजींनी काढला. "कितने जने हो?" त्यांनी सोनलला विचारलं. ती म्हणाली चाळीस. "तो ऐसा करो, पीछे आँगन है. बारह-साढ़े बारह तक वहाँ कर लो अपना भाषण. पर पहले चालीस जने मिलकर ये दरियाँ बिछवा दो. सजावट वाले के दो आदमी आए ही नहीं."

मग देशभरातल्या मोठमोठ्या कंपन्यांचा कारभार ज्यांच्या हातात आहे अशा चाळीस माणसांनी सतरंज्या अंथरल्या. सिमेंट कारखान्याच्या ट्रकांचा हिशोब ठेवणाऱ्या एकानं माळा टांगल्या आणि दोन माळांमधलं अंतर टेपनं मोजलं. पटेलजींच्या बहिणीनं त्या तिरक्या करून घेतल्या, सरळ माळा दवाखान्यासारख्या दिसतात म्हणाल्या.

साडेदहाला अंगणात मेळावा सुरू झाला. फेब्रुवारीचं कोवळं ऊन फक्त अंगणातच होतं, त्यामुळं सिहोऱ्याच्या बायकाही तिथंच आल्या आणि पुढच्या सतरंजीवर बसल्या. त्यांना हा साखरपुड्यातलाच एखादा भाग वाटला असावा. माझे कागद नर्मदेनं घेतले होते. असते तरी काढले नसते. मी पडद्यावर सातवा धडा उघडला, कुठं चुकलं ते दाखवलं, किती दिवस गप्प बसले तेही सांगितलं, आणि सगळ्यांसमोर तो दुरुस्त करायला घेतला. ताट, लाडू, आधी हात, मग नाव, मग पावती. मागं कढईत पुऱ्या तळत होत्या.

सांगून झाल्यावर मी विचारलं, काही प्रश्न? पुढच्या सतरंजीवरून मफलर गुंडाळलेल्या नवऱ्या मुलीच्या आजोबांनी हात वर केला.

"बिटिया, और कोई हाथ रखके सो गया तो?"

चाळीस जण त्यांच्याकडं वळून बघायला लागले. तारखेवर हात ठेवून, आमच्या भाषेत कुलूप लावून, प्रोग्राम मध्येच अडकला तर काय, हा आमच्या धंद्यातला फार जुना प्रश्न आहे. 'फार चांगला प्रश्न' असं वक्ता तेव्हाच म्हणतो जेव्हा त्याला उत्तर येत नसतं. मी आयुष्यात पहिल्यांदा ते खरं म्हणून म्हणाले.

"दादाजी, थोड़ी देर रुकेंगे, फिर उसका हाथ हटा देंगे."

"कितनी देर?"

"इसपर हमारे यहाँ भी झगड़े होते हैं."

"हमारे यहाँ भी," आजोबा म्हणाले आणि समाधानानं बसले.

मग सोनल उठली. गावातल्या हॉलचा खरा प्रोग्राम तिनं पडद्यावर लावला, ती दुरुस्ती तिथंच बसवली आणि आपल्या, म्हणजे माझ्या, मराठीत म्हणाली, "आता याचा परिणाम काय होतो ते पाहू." दोन जणांनी एकदम बटण दाबलं. एकाला पावती मिळाली, दुसऱ्याला नाही. बायकांनी टाळ्या वाजवल्या. ज्याला मिळाली नाही त्याला एकीनं लाडू दिला.

एक वाजता कुंडमची मंडळी आली. आम्ही निघत होतो, पण पटेलजींनी कुणाला जाऊ दिलं नाही. मुलाकडच्यांना सांगितलं, "ये सब बड़ी-बड़ी कंपनियों के इंजीनियर हैं. दरियाँ इन्होंने ही बिछाई हैं." मुलाकडचे फार प्रभावित झालेले दिसले. आम्ही पंगतीत बसलो. प्रशीक माझ्यापासून चार पानं सोडून बसला.

जेवणानंतर सोनलनं सगळं जुनं बुकिंग तपासलं. अशी आणखी एक जोडी निघाली, पुढच्या महिन्यातली. दुबेजींनी फोन उचलला. प्रशीक म्हणाला, "नहीं दुबेजी, मैं जाकर बताऊँगा."

"मीही येते," मी म्हटलं. त्यानं दोन्ही पत्ते लिहून घेतले.

सोमवार

पहिलं घर कमानिया गेटजवळच्या एका कापडवाल्याचं होतं, मुलाचं लग्न. प्रशीकनं सगळं सांगितलं, लपवलं काही नाही. "आपसे तीन सेकंड पहले एक बुजुर्ग की बुकिंग हुई है. हक उनका है." कापडवाला सुन्न झाला. पत्रिका वाटून झाल्या होत्या, त्यानं एक आम्हालाही दिली. शेवटी म्हणाला, "वो बुजुर्ग जो कहेंगे, मान लूँगा. दूसरा हॉल देखूँगा."

ते बुजुर्ग म्हणजे देवधर नावाचे निवृत्त शिक्षक. त्यांचं घराणं मराठ्यांच्या चाकरीत इथं आलेलं. त्यांची मराठी जुन्या दस्तऐवजासारखी, मध्येच हिंदीचा शिक्का मारलेली. त्यांच्या सहस्रचंद्रदर्शनाचा कार्यक्रम होता.

"पहिला अधिकार कुणाचा?" त्यांनी विचारलं.

"तुमचा," प्रशीक म्हणाला. "तीन सेकंदांनी."

"हे त्या कापडवाल्यास सांगितलंत?"

"हो जी. तुम्ही म्हणाल ते तो मानून राहिला."

देवधर आजोबांनी आपली पावती काढून त्यावरची वेळ वाचली. मग मला विचारलं, "आपण कोण?" मी सांगितलं, चूक मुळात माझी. लाडवाची गोष्टही सांगितली. ती त्यांना आवडली असावी, कारण त्यांनी कपाटातून डबा काढून आमच्यापुढं ठेवला.

"फोनवर कळवलं असतंत तर मी हटून बसलो असतो," ते म्हणाले. "त्या पोराचं लग्न होऊ द्या. चंद्र काय, दुसऱ्या दिवशीही उगवतो."

दुसऱ्या दिवसाची तारीख त्यांनी प्रशीकच्या मोबाईलवर स्वतः बटण दाबून घेतली. पावती आली तरी बोट उचलेनात. "हात ठेवला आहे," ते म्हणाले. "काढू का आता?"

बाहेर आल्यावर स्कूटरवर प्रशीक पहिल्यांदा आपणहून बोलला. "शुक्रवारी सांगितलं असतं ताई, तर शनिवारी तपासून घेतलं असतं. पटेलजींना आदल्या दिवशीच कळलं असतं."

"हो."

"काहून नाही सांगितलं? मी काय म्हटलं असतं तुम्हाला?"

"काहीच म्हटलं नसतंस. तीच पंचाईत होती."

पुढचं वळण घेऊन तो म्हणाला, "आता म्हणतो. चांगलं नाही केलं ताई तुम्ही."

मी "हो" म्हटलं. मागं बसले होते, त्यामुळं त्याचा चेहरा दिसला नाही, पण त्याचे ताठ झालेले खांदे जरा खाली आले.

दुपारच्या गाडीला तो सोडायला आला. काकूंनी वाटेसाठी बारा गक्कड दिले होते, पुण्यात उपास घडू नयेत म्हणून. मी डब्याच्या दारात उभी होते. विचारलं, "पुन्हा बोलावशील का मला?"

प्रशीकनं विचार केला. पहिल्या दिवशी त्यानं पटकन हो म्हटलं असतं.

"आमच्यात एक नियम आहे," तो म्हणाला. "नवीन माणूस पहिले तीन मेळावे बोलत नाही. खुर्च्या मांडते."

"मी नवीन आहे?"

"तुम्ही एकदम पाहुण्या म्हणून आल्या न. मधला भाग राहून गेला."

तो हसत नव्हता, पण रागावलेलाही नव्हता. गाडी हलली. तो काही पावलं सोबत चालला.

"मार्चमध्ये या," तो म्हणाला. "नऊचा कार्यक्रम आहे, पण तुम्ही आठलाच या ताई. काही खुर्च्यांचे पाय वाकडे आहेत, त्यांना वेळ लागते."